रान परत फुटतं, मग डोंगर बोडका का होतो?

वनशास्त्राच्या पदवीत नेमकं काय शिकवतात, याची दोन डोंगरांच्या निमित्ताने ओळख

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली, चिपळूण, संगमेश्वर या भागांतून फिरताना एक दृश्य वारंवार दिसतं. एका डोंगरावर ऐन, किंजळ, जांभूळ यांची दाटी असते. समोरचा डोंगर मात्र उघडा. त्यावर गवत, करवंदाच्या जाळ्या आणि मधूनमधून डोकं वर काढलेला जांभा दगड. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. माती मुळात एकाच जातीची. आणि गावातली जुनी माणसं सांगतात की लाकूड दोन्ही डोंगरांवरून पिढ्यानपिढ्या निघत आलं आहे. मग एका डोंगरावरचं रान परत फुटलं आणि दुसऱ्यावरचं का नाही?

बारावीनंतर मुलीने किंवा मुलाने वनशास्त्र घ्यायचं म्हटलं की घरात वेगळाच प्रश्न निघतो. झाडं तर आपोआप वाढतात, त्यासाठी चार वर्षं विद्यापीठात काय शिकायचं?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नात आहे. त्या दोन डोंगरांमधला फरक समजून घ्यायला जे जे लागतं, ते सगळं वनशास्त्राच्या अभ्यासक्रमात आहे. एकेक पायरी चढत पाहू.

बुंध्यावरचे झोपलेले डोळे

ऐन किंवा किंजळ जमिनीलगत तोडला तरी सहसा मरत नाही. त्याच्या सालीखाली सुप्त कळ्या असतात. त्यांनाच आपण डोळे म्हणतो. झाडाचा शेंडा जिवंत असेपर्यंत तिथून खाली येणारी संप्रेरकं, म्हणजे वाढीवर हुकमत ठेवणारी रसायनं, या डोळ्यांना फुटू देत नाहीत. शेंडा गेला की ती हुकमत संपते आणि पावसाच्या तोंडावर बुंध्याभोवती फुटव्यांचा झुबका उठतो. बी रुजून आलेल्या रोपापेक्षा हे फुटवे खूप वेगाने वाढतात, कारण रोपाला मूळ नव्याने घडवावं लागतं आणि फुटव्याला मोठ्या झाडाचं मूळ आयतं मिळतं. त्या मुळात पिष्टमय पदार्थांचा साठाही असतो.

खरी गोम या साठ्यात आहे. पहिल्या हंगामात फुटवे वाढतात ते बरंचसं साठवलेल्या अन्नावर. पानांनी पुढे कित्येक वर्षं अन्न तयार केलं की तो साठा पुन्हा भरतो. तो भरण्याआधीच दुसरी तोड झाली तर पुढचे फुटवे बारीक येतात, तिसऱ्या तोडीला आणखी बारीक. त्यातच भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, दरवर्षी कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडलं, कोवळे कोंब शेळ्यांनी खाल्ले आणि उन्हाळ्यात वणवा फिरून गेला, तर बुंधा थकतो आणि एके वर्षी फुटतच नाही.

रान कसं जन्मतं, कसं वाढतं आणि त्याला कसं वळण द्यायचं, हे शिकवणाऱ्या विषयाला वनसंवर्धनशास्त्र म्हणतात. हा या पदवीचा कणा आहे. त्यात तोडीचेही नियम आहेत. तोड जमिनीजवळ घ्यावी, म्हणजे फुटवे खालून येतात आणि वाऱ्याने मोडत नाहीत. काप तिरका आणि गुळगुळीत असावा, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजत नाही. साल सोलवटू नये, कारण डोळे तिच्याखालीच असतात. झाड विश्रांतीत असताना, नवी पालवी येण्याआधी तोडावं. पुढे झुबक्यातले एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे विरळावेत.

हे सगळं नीट पाळलं तरी प्रत्येक तोडीनंतर काही बुंधे म्हातारपणाने जातात. त्यांची जागा बियांपासून आलेल्या नव्या रोपांनी भरायला हवी आणि बी देणारी मोठी झाडं रानात उभी असल्याशिवाय ते घडत नाही. म्हणून तोडीआधी बीजवृक्ष निवडून त्यांच्यावर खूण करतात. दह्याच्या भांड्यातून वाटी भरण्याआधी घरची बाई विरजण बाजूला काढते, तसंच हे आहे. वनशास्त्राचा पहिला धडा हाच : काय न्यायचं हे ठरवण्याआधी काय ठेवायचं हे ठरवा.

ऊन मागणारे, सावली सोसणारे

काय ठेवायचं हे कळायला समोर काय आहे ते ओळखता यायला हवं. म्हणून पहिल्या वर्षापासून विद्यार्थी झाडं ओळखायला शिकतात, तीही फुलाफळांच्या हंगामाची वाट न पाहता. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. सागाचं कोवळं पान चुरडलं की बोटं लाल होतात. साल, पान, चीक, वास, फांद्यांची ठेवण यांवरून ओळख पक्की करायची असते.

मग प्रत्येक झाडाचा स्वभाव. सागाला कडक ऊन लागतं, दाट सावलीत त्याचं रोप टिकत नाही. काही झाडांच्या रोपांना मात्र सुरुवातीची वर्षं सावलीच हवी असते. एखाद्या जागी किती झाडं काढली म्हणजे जमिनीवर किती ऊन पोचेल आणि त्या उन्हात कोणती रोपं वर येतील, हा हिशेब यावरून मांडतात.

बियांचाही स्वभाव वेगवेगळा. सागाच्या फळाचं कवच इतकं टणक असतं की ते रुजायला आळीपाळीने भिजवावं आणि वाळवावं लागतं. रोपवाटिकेत गादीवाफ्यावर वाढवलेल्या रोपाचं खोड आणि मूळ दोन्ही छाटून बोटाएवढी कांडी तयार करतात. तिला जडी म्हणतात. पावसाच्या सुरुवातीला ती पहारीने पाडलेल्या भोकात बसवली की झाली सागाची लागवड. जांभळाचं बी अगदी उलट. ते वाळलं की मरतं, म्हणून फळं पिकली की लगेच पेरावं लागतं. रोपवाटिकेचं वेळापत्रक प्रत्येक झाडाप्रमाणे बदलतं ते यामुळे.

छातीच्या उंचीवरचा घेर

आता मोजणी. उभ्या झाडात लाकूड किती, हे ते न तोडता सांगता आलं पाहिजे. त्यासाठी भारतात जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजतात. या उंचीला छातीची उंची म्हणतात. अगदी तळाशी मोजलं तर मुळांजवळचा फुगीर भाग धरला जातो आणि आकडा फसवा येतो. छातीच्या उंचीवर टेप धरायलाही सोपा पडतो. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूने मापायचं आणि खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची, असेही नियम आहेत. सगळे एकाच रीतीने मोजतील तरच पन्नास वर्षांच्या अंतराने घेतलेली मापं एकमेकांशी ताडून पाहता येतात.

उंचीसाठी शाळेतली त्रिकोणमिती पुरते. सपाट जमिनीवर झाडापासून असं मागे सरकायचं की शेंडा डोळ्यांच्या रेषेपासून ४५ अंशांवर दिसेल. तिथून झाडापर्यंतचं अंतर २० मीटर असेल, तर झाडाची उंची २० मीटर अधिक आपल्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची.

तोडलेल्या ओंडक्याचा हिशेबही शिकण्यासारखा आहे. मधला घेर १ मीटर आणि लांबी ४ मीटर असलेला ओंडका घ्या. गोल खोड धरून गणित केलं तर घनफळ सुमारे ०.३२ घनमीटर येतं. लाकूडव्यापारात मात्र घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. त्या रीतीने तेच लाकूड ०.२५ घनमीटर भरतं. पाचव्या हिश्श्याहून जास्त फरक! गोल ओंडक्याच्या फळ्या पाडताना कडेचा भाग वाया जातो, तो या रीतीत आधीच वजा झालेला असतो. विकणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक नसेल, तर आपलं किती लाकूड मापाबाहेर राहिलं हे त्याला कधी कळत नाही.

एका झाडाकडून संपूर्ण राज्याकडे गेलं की उपग्रह मदतीला येतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था साधारण दर दोन वर्षांनी देशाचा अहवाल काढते. २०२१च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या भूभागापैकी सुमारे साडेसोळा टक्के भागावर वनाच्छादन आहे. पण वनाच्छादन म्हणजे काय, हे कळल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. एक हेक्टर किंवा अधिक जागेवर झाडांच्या माथ्यांनी किमान दहा टक्के जमीन झाकली असेल, तर ती जागा वनाच्छादनात धरली जाते. मालक कोण आणि झाडं कोणती, हे पाहिलं जात नाही. त्यामुळे दाट आमराईही या आकड्यात येऊ शकते. आकडा वाढला म्हणजे जंगल वाढलं असं का म्हणता येत नाही, ते यावरून समजेल.

किती काढायचं, कोणत्या वर्षी

जंगलातून दरवर्षी किती घ्यावं, या प्रश्नाचा लिखित विचार युरोपात टंचाईतून पुढे आला. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणी होत्या. धातू वितळवायला लाकूड लागायचं आणि आसपासची जंगलं संपत चालली होती. तिथला खाण प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३मध्ये ग्रंथ लिहून मांडलं की जेवढं पुन्हा वाढेल तेवढंच काढावं.

भारतात हा विचार रुजवला तो डिट्रिच ब्रॅंडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८६४मध्ये तो देशाचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याआधी १८५६पासून तो ब्रह्मदेशातल्या पेगू भागात सागाची जंगलं पाहत होता. तिथे हत्तीवर बसून जाता जाता दिसणारा प्रत्येक साग तो घेराप्रमाणे गटात घालायचा. प्रत्येक गटासाठी बांबूची एक काठी आणि प्रत्येक झाडासाठी तिच्यावर चाकूने एक खाच. एवढ्या साधनांवर त्याने जंगलाची मोजदाद केली.

त्यामागचं गणित सोपं आहे. समजा, तोडीला आलेले सगळ्यांत जाड साग २,४०० आहेत. त्यांच्या खालच्या गटातली झाडं त्या जाडीची व्हायला २४ वर्षं लागतात. मग वर्षाला १००पेक्षा जास्त साग तोडायचे नाहीत. २४ वर्षांनी शेवटचा जाड साग निघेल, तोवर खालचा गट त्या जागी आलेला असेल. खालच्या गटातली काही झाडं मध्येच मरणार, म्हणून प्रत्यक्ष आकडा आणखी कमी धरायचा.

फुटव्यांच्या रानाचा हिशेब याहून सोपा. तोडीचं चक्र पंधरा वर्षांचं असेल तर रानाचे पंधरा भाग करायचे आणि दरवर्षी एकच भाग तोडायचा. पंधरा एकर रान असलेल्या शेतकऱ्याला दरवर्षी एक एकराचं लाकूड मिळतं आणि चौदा एकर डोंगर कायम झाकलेला राहतो. वनखात्याच्या भाषेत अशा एका वर्षाच्या तोडीच्या तुकड्याला कूप म्हणतात, आणि कोणत्या वर्षी कुठे काय करायचं याच्या लेखी आराखड्याला कार्य आयोजना. ती साधारण दहा वर्षांसाठी असते. ती वाचता येणं, तपासता येणं आणि पुढे स्वतः तयार करता येणं हे वनव्यवस्थापन या विषयाचं उद्दिष्ट आहे.

माती गेली की परत येत नाही

पंधराही भाग एकाच वर्षी तोडले तर? लाकूड तेवढंच निघतं. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा अख्खा उतार उघडा असतो.

उघड्या मातीवर थेंब आपटला की मातीचे कण सुटे होतात, जमिनीची बारीक छिद्रं बुजवतात, आणि पाणी आत मुरायचं सोडून वरून धावतं. रानात पडलेला पातेरा, म्हणजे वाळक्या पानांचा थर, हा मार अंगावर घेतो. त्याखाली मुळं, वाळवी आणि गांडुळं जमीन पोकळ ठेवतात, म्हणून पाणी आत जातं. कोकणात अनेक डोंगरउतारांवर जांभ्याच्या वर मातीचा थर पातळ असतो. तो काही पावसाळ्यांत वाहून गेला, की बुंध्यात जीव असूनही मुळांना धरायला काही उरत नाही. लाकूड काही वर्षांत परत येतं, माती माणसाच्या हयातीत येत नाही. काय ठेवायचं, या प्रश्नाचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर माती हे आहे.

केवळ झाडं असली म्हणजे माती राहते असंही नाही. सागाच्या रुंद पानावर पाणी जमून मोठे थेंब होतात आणि ते उंचावरून पडतात. नुसत्या सागाच्या लागवडीत खालचं झुडूप काढलं आणि पातेरा जाळला तर हे थेंब मातीला मोकळ्या पावसापेक्षाही जोरात मारतात. म्हणून मृदा आणि जलसंधारणाच्या अभ्यासात समतल चर, बांध यांच्याइतकंच महत्त्व जमिनीलगतच्या हिरव्या थराला असतं. हिवरे बाजार गावाने चर खणले, तशी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही पाळली, ती याचसाठी.

आणि प्रत्येक मोकळी जागा झाडांची नसते. भारतातल्या वनांचं चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८मध्ये केलेलं वर्गीकरण आजही वापरतात. त्यात सोळा मुख्य गट आहेत. आंबोलीचं सदाहरित वन, चंद्रपूरचं पानझडी वन आणि दख्खनचं काटेरी वन या पूर्ण वेगळ्या दुनिया आहेत. सोलापूर-नगरकडची माळरानंही रिकामी नाहीत. माळढोक, तणमोर आणि लांडगा यांचं ते घर आहे. तिथे चर खणून झाडं लावली तर त्या प्राण्यांचं घर मोडतं. कुठे झाड लावायचं नाही, हे सांगता येणं हासुद्धा वनशास्त्राचाच भाग आहे.

डोंगर कुणाचा?

एवढं शास्त्र हाताशी असूनही लोक सगळा डोंगर एकदम का तोडतात? याचं उत्तर जीवशास्त्रात सापडत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन अगदी थोडी आहे, बहुतेक रान खासगी मालकीचं आहे. सातबारावर भावकीतल्या अनेकांची नावं असतात, त्यांतले कित्येक मुंबईत. लग्न, आजारपण, घराचं काम निघालं की पैसा एकरकमी लागतो. ठेकेदार सगळ्या रानाचा सौदा एकदम करतो. पंधरा भागांचा हिशेब इथे कोलमडतो.

म्हणून या पदवीत समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदाही शिकावा लागतो. १९२७चा भारतीय वन अधिनियम, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८०चा वनसंवर्धन कायदा, २००६चा वनहक्क कायदा हे तर आलेच. खासगी जमिनीवरच्या ठरावीक झाडांच्या तोडीवर महाराष्ट्रात १९६४चा कायदा लागू आहे.

हक्क आणि जबाबदारी एकत्र आली तर काय होतं, ते गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात पाहायला मिळतं. २००९मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबूची तोडही शास्त्राप्रमाणे करावी लागते. नवा कोंब पावसाळ्यात वर येतो आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, पण तो अजून कोवळा असतो. बेटाला अन्न पुरवणारे आणि आधार देणारे कोवळे बांबू ठेवून जून बांबू काढायचे असतात. जंगल पुढच्या वर्षीही आपलंच राहणार आहे याची खात्री असलेल्या माणसाला हा नियम पाळायला जड जात नाही.

कोकणातल्या दोन डोंगरांचं उत्तर आता जुळतं. हिरव्या डोंगरावर तोडीनंतर मुळातला साठा, बीजवृक्ष आणि माती या तीनही गोष्टी मागे उरल्या. बोडक्या डोंगरावर त्या एकामागून एक संपल्या. आणि बहुतेक वेळा त्या अज्ञानापेक्षा अडचणीमुळे संपतात.

┌─────────────
चौकट : अभ्यासक्रम थोडक्यात

• पदवी : बी.एस्सी. (ऑनर्स) वनशास्त्र, चार वर्षं. बारावी विज्ञान शाखेनंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश.

• महाराष्ट्रात कुठे : दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या वनशास्त्र महाविद्यालयांत.

• काय शिकतात : वनसंवर्धन, वृक्षओळख, वनमापन, वनव्यवस्थापन, मृदा व जलसंधारण, कृषिवानिकी, वृक्षसुधारणा, लाकूड व इतर वनोपज, वन्यजीव, वनकायदा.

• पुढचं शिक्षण : दापोली, अकोला यांच्याखेरीज डेहराडूनची वन संशोधन संस्था (स्थापना १९०६, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९१), वन्यजीव विज्ञानासाठी तिथलीच भारतीय वन्यजीव संस्था, व्यवस्थापनासाठी भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था.

• शासकीय सेवा : केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भारतीय वनसेवा, राज्य आयोगामार्फत महाराष्ट्र वनसेवा. इतर काही शाखांचे पदवीधरही या परीक्षांना बसू शकतात.
└─────────────

शिकून पुढे काय?

वनखात्याची वर्दी हे या पदवीचं एकच ठिकाण नव्हे. कागद आणि प्लायवूडच्या कारखान्यांना शेतकऱ्यांच्या बांधावर लाकूड पिकवून हवं असतं. रोपवाटिकांना जातिवंत रोपं तयार करणारी माणसं लागतात. किनाऱ्यावर २०१२पासून राज्य वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष काम करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सागाच्या वाढवलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा माग काढला गेला आहे. झाडांनी किती कार्बन धरून ठेवला याची मोजणी हे तर झपाट्याने वाढणारं काम आहे, आणि त्याची सुरुवात छातीच्या उंचीवरच्या त्याच टेपने होते.

हा विषय घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करावी. इथे निर्णयाचं फळ दिसायला फार वेळ लागतो. केरळात निलंबूर इथे १८४०च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांच्या पुढाकाराने आणि चात्तू मेनन यांच्या देखरेखीखाली सागाची लागवड झाली. त्या जुन्या लागवडीतले काही साग आजही उभे आहेत. लावणाऱ्यांनी ते जाड झालेले पाहिले नाहीत, तरी कुठे लावायचे, किती अंतरावर लावायचे, हे निर्णय त्यांनाच घ्यावे लागले.

आज महाराष्ट्रात मातीचा नमुना तपासून खत सांगणारी व्यवस्था बऱ्याच शेतकऱ्यांपर्यंत पोचली आहे. पंधरा एकर रानाचे पंधरा भाग पाडून देणारं, बीजवृक्षांवर खूण करून देणारं, ओंडक्याचं खरं माप समजावणारं आणि भावकीतल्या सगळ्यांना एकत्र बसवून सौदा टप्प्याटप्प्याने करायला लावणारं माणूस मात्र गावात क्वचितच भेटतं. खासगी रानांचं भवितव्य त्या माणसावर अवलंबून आहे. वनशास्त्र शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घेतलं, आणि समाजाने त्या कामाचा मोबदला दिला, तर कोकणातले डोंगर लाकूडही देतील आणि झाकलेलेही राहतील.